विश्लेषण : ‘गेम बॉय’ची तुटलेली स्क्रीन आजही का बदलता येते? तो घडवणारे गुनपेई योकोई कोण होते?

मोबाइल हातातून निसटतो, तोंडावर पडतो आणि काचेवर जाळे उमटते. मग पहिला प्रश्न खर्चाचा आणि दुसरा भाग मिळण्याचा. अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीसारख्या गावात दुरुस्ती करणारा भेटतो, पण नेमक्या त्या मॉडेलचा डिस्प्ले त्याच्याकडे असेलच असे नाही. मग तो अक्कलकोट किंवा सोलापूरहून मागवायचा. ‘फोल्डर’ची किंमत ऐकून अनेकदा मोबाइल कपाटात जातो आणि नव्याचा हप्ता सुरू होतो. हातात धरून खेळायचा जुना व्हिडीओ गेम असेल, तर त्याच्या दुरुस्तीचा विचारही कुणी करत नाही.

मात्र ३५ वर्षांहून जुने असे एक यंत्र आहे, ज्याची स्क्रीन आजही घरच्या टेबलावर दुरुस्त करता येते. त्याचे नाव ‘गेम बॉय’. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ मध्ये तो बाजारात आणला. तो घडवणाऱ्या विभागाचे प्रमुख होते गुनपेई योकोई. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे अपघाती निधन झाले. त्यांच्या आयुष्यातील मोठे यश आणि मोठे अपयश, दोन्ही स्क्रीनच्या निवडीशी जोडलेले आहे.

योकोई निन्टेन्डोत कसे आले?

गुनपेई योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी जपानमधील क्योटो शहरात झाला. क्योटोतीलच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांत नोकरी मिळाली नाही, म्हणून १९६५ मध्ये ते घराजवळच्या निन्टेन्डोत रुजू झाले. तेव्हा ही कंपनी व्हिडीओ गेम बनवत नव्हती. ‘हानाफुदा’ म्हणजे फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते आणि इतर खेळाचे पत्ते हा तिचा मुख्य धंदा होता. पत्ते छापणाऱ्या आणि कापणाऱ्या यंत्रांची देखभाल हे योकोई यांचे काम.

यंत्रे सुरळीत चालत असली की हाताला काम नसे. अशाच रिकाम्या वेळी त्यांनी चिमट्यासारखी एक वस्तू बनवली. मुठी आवळल्या की जाळीदार हात पुढे लांब होई आणि समोरची वस्तू पकडे. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या ती नजरेस पडली. कामाच्या वेळेत खेळणी बनवतो म्हणून बोलणी खावी लागतील, असे योकोई यांना वाटले. झाले उलटेच. यामाउची यांनी त्याचे खेळणे करून बाजारात आणायला सांगितले. १९६६ मध्ये आलेल्या या ‘अल्ट्रा हँड’चे १२ लाखांहून अधिक नग खपले. देखभाल करणारा अभियंता नव्या खेळण्यांच्या विभागात गेला.

‘सुकलेले तंत्रज्ञान’ म्हणजे काय?

पुढच्या काही वर्षांत योकोई यांच्या खेळण्यांत एक सूत्र दिसू लागले. १९६९ मधील ‘लव्ह टेस्टर’ म्हणजे शरीरातून जाणारा क्षीण विद्युतप्रवाह मोजणारे साधे मीटर. एका बाजूला मुलाने, दुसऱ्या बाजूला मुलीने हात ठेवायचा, एकमेकांचा दुसरा हात धरायचा आणि काटा किती हलतो ते पाहायचे. शाळेच्या प्रयोगशाळेतील उपकरण त्यांनी गमतीची वस्तू करून विकले.

१९७२ मधील ‘लेफ्टी आरएक्स’ ही रिमोटवर चालणारी मोटार आणखी बोलकी. रिमोटच्या मोटारी तेव्हा फार महाग होत्या, कारण प्रत्येक हालचालीसाठी वेगळी यंत्रणा लागे. योकोई यांनी ती एकाच हालचालीपुरती ठेवली. मोटार सरळ जाई किंवा डावीकडे वळे, उजवीकडे वळतच नसे. गोल मैदानात शर्यत लावायची तर डावे वळण पुरेसे होते आणि किंमत मुलांच्या आवाक्यात येत होती.

या पद्धतीला त्यांनी पुढे नाव दिले. त्याचा मराठीत ढोबळ अर्थ होतो, ‘सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’. सुकलेले म्हणजे टाकाऊ नव्हे. बाजारात मुरलेले, स्वस्त झालेले, ज्याच्या खोड्या सगळ्यांना माहीत झाल्या आहेत असे तंत्रज्ञान. ते ज्या कामासाठी बनले त्यापेक्षा वेगळ्याच कामाला लावायचे, हा आडवा विचार.

हे सूत्र प्रत्येक वेळी तारून नेत होते, असे नाही. १९७३ मध्ये निन्टेन्डोने बंद पडलेल्या बोलिंगच्या जागांत प्रकाशाच्या बंदुकीने नेमबाजी करण्याची केंद्रे सुरू केली. त्यातही योकोई यांचा वाटा होता. त्याच वर्षी तेलसंकट आले, ऑर्डर रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात गेली.

कॅल्क्युलेटरची स्क्रीन खेळण्यात कशी आली?

१९७० च्या दशकात जपानी कंपन्यांत कॅल्क्युलेटरवरून किंमतयुद्ध पेटले होते. शार्प कंपनीने १९७३ मध्ये ‘ईएल-८०५’ हा द्रव स्फटिकाची म्हणजे एलसीडी स्क्रीन असलेला खिशातला कॅल्क्युलेटर आणला. दशक संपेपर्यंत कॅल्क्युलेटर इतके स्वस्त झाले, की ते बनवणाऱ्या कारखान्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते.

योकोई यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, बुलेट ट्रेनमध्ये त्यांना एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो वेळ घालवण्यासाठी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसला होता. मोठ्या माणसाला चारचौघांत लाज न वाटता खेळता येईल असे लहान यंत्र हवे, हे तेव्हा त्यांच्या डोक्यात आले. मांडीवर धरून दोन अंगठ्यांनी खेळता यावे, शेजाऱ्याला कळूही नये. एकदा अध्यक्षांचा चालक आजारी असल्याने योकोई यांना यामाउची यांची गाडी चालवावी लागली. त्या प्रवासात त्यांनी ही कल्पना मांडली. यामाउची ज्या बैठकीला निघाले होते, तिथे त्यांची शार्पच्या प्रमुखांशी गाठ पडली. थोड्याच दिवसांत शार्पची माणसे चर्चेसाठी दारात हजर झाली.

२८ एप्रिल १९८० रोजी ‘गेम अँड वॉच’ मालिकेतील पहिला खेळ ‘बॉल’ बाजारात आला. स्क्रीन कॅल्क्युलेटरच्याच जातीची. कॅल्क्युलेटरमध्ये आकड्यांचे तुकडे ठरलेल्या जागी उमटतात, तसे इथे माणसाचे हात आणि चेंडू ठरलेल्या जागी उमटत. खेळ नसेल तेव्हा ते घड्याळ. मात्र कॅल्क्युलेटरपेक्षा स्क्रीन मोठी झाल्याने एक जुनाच प्रश्न उभा राहिला. पारदर्शक थर एकमेकांच्या फार जवळ आले की त्यावर रंगीत कडी दिसतात. भौतिकशास्त्रात त्यांना न्यूटनची वलये म्हणतात. थरांमध्ये अतिसूक्ष्म उंचवटे छापून अंतर राखण्यात आले आणि कडी गेली.

या मालिकेचे जगभरात ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले. तिच्यातील १९८२ च्या ‘डाँकी काँग’साठी योकोई यांनी अधिकच्या चिन्हासारखे बटण बनवले. चार दिशांसाठी एकच बटण, अंगठा न उचलता वापरता येणारे. आज जवळपास प्रत्येक गेम कंट्रोलरवर ते किंवा त्याचा एखादा प्रकार दिसतो.

भारतात नव्वदच्या दशकात जत्रा आणि बाजारपेठांत ‘ब्रिक गेम’ नावाची स्वस्त यंत्रे मिळत. ठोकळे रचायचा खेळ असलेल्या त्या चिनी यंत्रांची स्क्रीनही याच ठरलेल्या तुकड्यांच्या पद्धतीची. ज्या मराठी वाचकांनी लहानपणी ती हाताळली, त्यांनी कॅल्क्युलेटरपासून निघालेली ही वाट पाहिलेली आहे.

गेम बॉयची पहिली स्क्रीन नापास का झाली?

‘गेम अँड वॉच’मध्ये एका यंत्रात एकच खेळ असे, कारण चित्रे स्क्रीनवर आधीच कोरलेली. कॅसेट बदलून कितीही खेळ खेळायचे तर ठिपक्यांची स्क्रीन हवी होती. गेम बॉयसाठी ठरली १६० आडवे आणि १४४ उभे ठिपके असलेली स्क्रीन. त्यात चार छटा, रंग नाही, मागे दिवाही नाही.

ठिपक्यांची एलसीडी कशी चालते? दोन काचांमध्ये द्रव स्फटिकाचा पातळ थर असतो. त्यातील रेणू एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत पाव वळणाने पिळलेले असतात आणि प्रकाशालाही तसेच वळवतात. विद्युतदाब दिला की रेणू सरळ उभे राहतात, प्रकाश वळत नाही, बाहेरची ध्रुवण पट्टी त्याला अडवते आणि ठिपका काळा दिसतो. या पद्धतीला टीएन म्हणतात. आकडे दाखवायला ती उत्तम. पण १४४ ओळी असल्या की प्रत्येक ओळीच्या वाट्याला क्षणभरच दाब येतो. काळे-पांढरे फिकट पडते आणि जरा तिरके पाहिले तर चित्रच हरवते.

नेमके हेच घडले. स्वस्त पडते म्हणून आधी टीएन स्क्रीन निवडली होती. समोरून पाहिली तर ती ठीक दिसे. योकोई यांनी नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार, यामाउची यांनी नमुना हातात घेऊन थोडा तिरका धरला आणि काहीच दिसत नाही, असे स्पष्ट सांगितले. प्रकल्पच गुंडाळण्याची वेळ आली. तोवर शार्पने या स्क्रीनसाठी कारखान्याची मोठी तयारी केली होती. आपल्या एका निवडीमुळे दोन कंपन्या अडचणीत येतील, या विचाराने योकोई यांची अन्नावरची वासना उडाली होती.

उपाय सापडला तो टीएनच्या थोरल्या भावात. एसटीएन या पद्धतीत रेणूंना पाव नव्हे, त्याहून बरेच जास्त वळण दिलेले असते. त्यामुळे दाबातील लहानशा फरकानेही ठिपका ठळकपणे काळा होतो आणि तिरके पाहिले तरी दिसतो. शार्पने या पद्धतीची स्क्रीन तयार केली, यामाउची यांनी ती पाहिली आणि काम पुढे सरकले. एसटीएनची एक खोड होती. तिच्यावर हिरवट-पिवळी झाक येते. गेम बॉयचा सर्वांना आठवणारा शेवाळी रंग त्यातूनच आला. यंत्राच्या डाव्या कडेला एक छोटी चकतीही दिली. उजेड आणि धरण्याचा कोन बदलला की ती फिरवून चित्र गडद-फिके करता येई.

थोडक्यात, गेम बॉयची स्क्रीन तो दुकानात पोहोचण्याआधीच एकदा बदलावी लागली होती.

तिरक्या कोनाच्या प्रश्नाचा नागपूरशी काय संबंध?

टीएन स्क्रीन तिरकी धरली की दिसत नाही, हा प्रश्न पुढे संगणकाच्या स्क्रीनलाही छळत राहिला. त्यावरचा एक उपाय भारतातील संशोधनातून आला. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सी. व्ही. रमण यांचे भाचे. त्यांनी १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एमएस्सी केले. पुढे बेंगळुरूच्या रमण संशोधन संस्थेत त्यांनी द्रव स्फटिकांची प्रयोगशाळा उभारली.

तोवर द्रव स्फटिकांचे रेणू काडीसारखे लांबट असतात, असेच मानले जाई. चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की ताटलीसारखे चपटे रेणूही द्रव स्फटिक बनवतात. १९९० च्या दशकात जपानच्या फुजी फिल्म कंपनीने अशाच ताटलीसारख्या रेणूंची पातळ पट्टी तयार केली. ती टीएन स्क्रीनवर लावली की तिरक्या कोनातूनही चित्र नीट दिसते. गेम बॉयच्या वेळी ही सोय उपलब्ध नव्हती. योकोई यांच्या चमूला हाताशी असलेल्या एसटीएनवरच भागवावे लागले.

रंगीत स्क्रीन का नाकारली?

गेम बॉय २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये १२,५०० येनला विक्रीस आला. कंपनीतीलच काही जणांनी त्याची खिल्ली उडवली होती. प्रतिस्पर्ध्यांकडे रंगीत, मागून दिवा असलेल्या स्क्रीन होत्या. अटारीचे ‘लिंक्स’ त्याच वर्षी आणि सेगाचे ‘गेम गिअर’ १९९० मध्ये आले. मात्र दोन्हींना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर १५ तासांच्या आसपास चाले.

रंगीत स्क्रीन तेव्हा अशक्य नव्हती. ती घ्यायची नाही, हे योकोई यांनी समजून-उमजून ठरवले. प्रतिस्पर्धी रंगीत यंत्र आणत आहेत हे कळल्यावर त्यांना काळजीऐवजी हायसे वाटले होते, असे त्यांनी नंतर सांगितले. मूल प्रवासात असताना सेल संपले तर रंगांचा उपयोग नाही, हा त्यांचा हिशेब. अमेरिकेत यंत्रासोबत ‘टेट्रिस’ हा खेळ दिला गेला. खाली पडणारे ठोकळे ओळखायला रंग लागत नव्हते.

यात एकट्या योकोई यांचे श्रेय नाही. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांनी यंत्र अधिक ताकदीचे, कॅसेट बदलता येणारे आणि दीर्घकाळ टिकणारे असावे, असा आग्रह धरला होता. दोघांत त्यावरून मतभेदही झाले. गेम बॉय आणि नंतरचा ‘गेम बॉय कलर’ मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक नग विकले गेले.

त्याच्या टिकाऊपणाचा एक पुरावा पुढे प्रसिद्ध झाला. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्यातील एकाचा गेम बॉय बराकीवरील बॉम्बहल्ल्यात होरपळला. प्लॅस्टिक वितळून काळे पडले, तरी आतील यंत्रणा चालू होती. निन्टेन्डोच्या न्यूयॉर्कमधील दुकानात तो अनेक वर्षे ‘टेट्रिस’ सुरू ठेवून मांडलेला होता.

गेम बॉयची बिघडलेली स्क्रीन दुरुस्त कशी होते?

‘स्क्रीन गेली’ या एका वाक्यात तीन वेगळे बिघाड लपलेले असतात. गेम बॉयमध्ये ते वेगवेगळे सुटतात.

पहिला बिघाड, बाहेरचे पारदर्शक झाकण ओरखडले किंवा फुटले. हे झाकण म्हणजे स्क्रीन नव्हे. ते दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवलेले साधे प्लॅस्टिक आहे. कडेने हळूच उचलायचे, जुना गोंद पुसायचा आणि नवे चिकटवायचे. यंत्र उघडण्याचीही गरज नाही.

दुसरा बिघाड, स्क्रीनवर उभ्या रेषा गायब होतात. गेम बॉयचा हा सर्वात नेहमीचा आजार. काचेला खालच्या बाजूने एक पातळ लवचीक पट्टी जोडलेली असते. उभ्या रांगांचे संदेश तिच्यातून येतात. वर्षानुवर्षांनी ही पट्टी काचेपासून सूक्ष्म अंतराने सुटते. काच शाबूत असते, फक्त जोड निसटलेला असतो.

दुरुस्तीसाठी आधी सेल आणि कॅसेट काढायची. मागचे सहा स्क्रू तीन पाकळ्यांच्या स्क्रू ड्रायव्हरने सोडवायचे, त्यातले दोन सेलच्या कप्प्यात असतात. आत दोन सर्किट बोर्ड आहेत, एक मागच्या अर्ध्यात आणि एक पुढच्या. त्यांना जोडणारी पट्टी खेचून मोकळी करता येते. मग पुढचा बोर्ड काढून स्क्रीनखालची लवचीक पट्टी उघडी करायची. तिच्यावर उष्णता सहन करणारा टेप लावून सोल्डरिंगची इस्त्री मंद ठेवायची आणि हलक्या दाबाने एका टोकाकडून दुसरीकडे फिरवायची. उष्णतेने जुना जोड पुन्हा चिकटतो आणि रेषा परत येतात. इस्त्री फार तापली किंवा एका जागी थांबली तर पट्टी जळते, म्हणून हे काम घाईचे नाही.

तिसरा बिघाड, काच आतून तडकली आणि द्रव पसरून काळा डाग पडला. यावर इलाज नाही, स्क्रीन बदलावीच लागते. काच पुढच्या बोर्डाला पट्ट्यांनी कायमची जोडलेली असल्याने दुसऱ्या जुन्या यंत्राचा संपूर्ण पुढचा बोर्ड बसवणे सोपे. नाहीतर हल्ली मिळणारे आधुनिक रंगीत पॅनेलचे किट वापरतात. त्यासाठी आतील प्लॅस्टिक थोडे कापावे लागू शकते, पण मुख्य बोर्डाला हात लावावा लागत नाही. जुन्याच जोडणीत नवी स्क्रीन बसते.

यातली कोणतीही सोय भविष्यातील दुरुस्ती डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती, असा दावा करता येणार नाही. स्वस्त आणि मुरलेले भाग घेतले, ते स्क्रूने जोडले आणि त्यामुळे ते सुटेही राहिले.

सूत्र सुटले तेव्हा काय झाले?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला योकोई एका अमेरिकी कंपनीच्या नव्या स्क्रीनने भारावले. तिच्यात काचेवर चित्र नव्हते. २२४ लाल एलईडींची एकच उभी रांग आणि वेगाने हलणारा आरसा. आरसा त्या रांगेला इतक्या झपाट्याने फिरवे, की डोळ्याला सलग चित्र दिसे. प्रत्येक डोळ्यासाठी एक स्वतंत्र स्क्रीन, म्हणून चित्राला खोली येई. जुलै १९९५ मध्ये आलेल्या या यंत्राचे नाव ‘व्हर्च्युअल बॉय’.

लाल एलईडी स्वस्त आणि कमी वीज खाणारे होते. भरपूर उजेडाचा निळा एलईडी १९९३ मध्ये नुकताच आला होता आणि महाग होता. म्हणून सगळे खेळ लाल-काळ्यात. एलईडी जुने असले तरी हलत्या आरशाची स्क्रीन मुरलेली नव्हती. लोक तिच्याशी कसे जुळवून घेतील, हे कुणाला माहीत नव्हते. यंत्र टेबलावर ठेवून त्यात डोके खुपसावे लागे. थोड्या वेळाने डोळे आणि डोके दुखू लागल्याच्या तक्रारी आल्या. शेजारी बसलेल्याला काय चालले आहे तेही दिसत नसे. सुमारे ७ लाख ७० हजार नग विकून वर्षभराच्या आत ते गुंडाळावे लागले.

विशेष म्हणजे आज या यंत्राची स्क्रीन बिघडते तीही पट्टीच्या जोडामुळेच. एलईडीच्या बोर्डाला पट्टी गोंदाने चिकटवली होती, तो गोंद सुटला की चित्र तुटक दिसते. जुनी यंत्रे जपणारे लोक ती पट्टी सोल्डर करून कायमची बसवतात.

योकोई यांची हकालपट्टी झाली होती का?

या अपयशामुळे योकोई यांना काढून टाकले, अशी समजूत जगभर पसरली. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. पन्नाशीच्या आसपास नोकरी सोडून स्वतःचे काही सुरू करायचे, हे त्यांच्या मनात आधीपासून होते. व्हर्च्युअल बॉयनंतर ते लगेच गेलेही नाहीत. जुलै १९९६ मध्ये ‘गेम बॉय पॉकेट’ आला. लहान आकार, दोन छोटे सेल आणि हिरवट झाक नसलेली, खरी काळी-पांढरी दिसणारी स्क्रीन. त्यानंतर ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांनी निन्टेन्डो सोडली. तिथे त्यांनी ३१ वर्षे काढली होती.

क्योटोतच त्यांनी ‘कोटो’ ही छोटी कंपनी काढली आणि बंदाई कंपनीसाठी नव्या हातातल्या यंत्राचे काम हाती घेतले. ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील होकुरिकू द्रुतगती मार्गावर ते बसलेली मोटार पुढच्या ट्रकला धडकली. काय झाले ते पाहण्यासाठी योकोई खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या मोटारीने त्यांना धडक दिली.

ते यंत्र मार्च १९९९ मध्ये ‘वंडरस्वान’ नावाने आले. रंग नाही, दिवा नाही, किंमत ४,८०० येन. एका पेन्सिल सेलवर ते ३० तासांच्या आसपास चाले. त्याच्यासोबत आलेल्या एका कोड्याच्या खेळाला ‘गुनपेई’ हेच नाव दिले होते. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय गेम विकासक संघटनेने योकोई यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला.

आजच्या मोबाइलधारकाने यातून काय घ्यावे?

आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये वरची काच, टच आणि डिस्प्ले पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात. त्यामुळे मोबाइल पातळ होतो, चित्र काचेवरच उमटल्यासारखे दिसते आणि धूळ आत जात नाही. मात्र फक्त काच फुटली तरी अनेकदा संपूर्ण ‘कॉम्बो’ बदलावा लागतो. काही मोबाइल तर बाहेरचा भाग बसवला की तो ओळखून इशाराही दाखवतात.

ग्राहकाच्या बाजूने हालचाल सुरू झाली आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने या चार क्षेत्रांतील कंपन्यांनी दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती तिथे एकत्र द्यावी, हा त्यामागचा हेतू आहे.

स्क्रीन फुटल्यावर दुकानात विचारायचे प्रश्न मात्र तेच आहेत, जे गेम बॉय उघडताना पडतात. नेमके काय गेले आहे? चित्र नीट दिसते आणि टच चालतो, तर बिघाड वरच्या काचेपुरता असू शकतो. फक्त काच बदलून देणारा कारागीर जवळपास आहे का, हे आधी विचारावे. रेषा दिसत असतील पण काच शाबूत असेल, तर आतील पट्टीचा जोड तपासायला सांगावे. शाईसारखा काळा डाग पसरत असेल, तर डिस्प्ले बदलण्याला पर्याय नाही आणि त्याआधी मोबाइलमधील माहितीची प्रत काढून घ्यावी. नवा मोबाइल घेताना कॅमेरा आणि किंमत पाहतो, तसेच त्या मॉडेलचा डिस्प्ले अक्कलकोट किंवा सोलापूरच्या बाजारात कितीला मिळतो, हेही खरेदीपूर्वी विचारून ठेवावे. बाजारात दोन-तीन वर्षे मुरलेल्या मॉडेलचा डिस्प्ले सहज आणि स्वस्तात मिळण्याची शक्यता जास्त असते. योकोई यांनी आयुष्यभर भाग निवडताना हाच हिशेब मांडला.